सितारा क्लबला मिळालेला एक गुण परत घेण्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी तथा पदसिद्ध अध्यक्ष,
बालाघाट फुटबॉल लीग समिती,
लातूर.

अर्जदार : श्रीमती पार्वतीबाई मारोती सोनकांबळे, वय ७७ वर्षे, सेवानिवृत्त परिचारिका, रा. रेल्वे स्टेशनजवळ, उदगीर, जि. लातूर. आजीव सभासद क्रमांक १, सितारा फुटबॉल क्लब, उदगीर.

विषय : दि. ३० डिसेंबर २०२४ च्या सामन्यात आमच्या क्लबला मिळालेला एक गुण काढून घेऊन क्लबची नोंदणी रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) लीगच्या नियमपुस्तिकेतील नियम १४.
२) क्लबच्या सचिवांना दिलेले माझे तीन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

१. ज्या प्रकाराबद्दल हा अर्ज आहे तो सन २०२४ मध्ये घडला. दिवस सोमवार, ३० डिसेंबर, सण वेळ अमावस्येचा. तारीख आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या क्लबात आजकाल कोणती गोष्ट कधी घडली यावर वाद होतो. ती का घडली हे कोणी विचारत नाही.

२. मी छत्तीस वर्षे उदगीर, निलंगा, औसा आणि पुन्हा उदगीर अशी सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. माझे यजमान कै. मारोती सोनकांबळे रेल्वेत गँगमन होते आणि १९७२ ते १९८६ या काळात सिताराचे गोलकीपर होते. क्लब १९७२ साली रेल्वेची माणसे आणि अडत बाजारातले हमाल यांनी मिळून काढला. दोन वर्षांनी एका खेळाडूचा पाय मोडला आणि घरच्यांनी तो तेल लावून चोळला. तेव्हा क्लबाने ठरवले की दवाखान्यातले एक माणूस सभासद असलेच पाहिजे. म्हणून जून १९७४ मध्ये मला आजीव सभासद करून घेतले. त्या अर्जावर माझे वय २६ लिहिलेले आहे. हा तपशील पुढे लागेल म्हणून आपण कृपया लक्षात ठेवावा.

३. त्या काळी संघ कसा निवडत हे सांगितल्याशिवाय आजची तक्रार समजणार नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी सगळे खेळाडू आपापले बूट मैदानाच्या कडेला ओळीने मांडत. कप्तान गुरुबसप्पा हुडगे त्या ओळीतून चालत जाऊन अकरा जोड उचलत आणि हापशावर नेऊन स्वतःच्या हाताने धूत. ज्याचे बूट ओळीत राहिले त्याला कळे. कोणी काही विचारत नसे, कारण जो निवडतो तोच चिखल धुतो, त्याच्याशी भांडायचे कसे? त्यांनी एकदा सख्ख्या भावाचे बूट सोडले होते. १९७८ साली बिदरच्या ढाल स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी त्यांनी अकरा जोड उचलले आणि स्वतःचे बूट तसेच ओळीत ठेवले. त्यांचा गुडघा सुजलेला होता. मी तो पाहिला होता, पण त्यांना खेळू नका असे सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. तो सामना आम्ही दोन-एकने हरलो. परतताना रेल्वेच्या डब्यात कोणाची मान खाली नव्हती. आम्ही जिंकतच होतो असे मी म्हणत नाही. आम्ही बऱ्याच वेळा हरलो. पण ते हरणे धुतलेल्या बुटांचे होते.

४. सन २०२१ पर्यंत ही पद्धत मोडून गेली होती. कप्तान बदलले, प्रत्येक निवडीवर बोंब होऊ लागली. हा अमक्या गल्लीचा म्हणून घेतला, तो तमक्याचा मेहुणा म्हणून घेतला. क्लबचे सचिव श्री. साहेबराव मुळे हे एका कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले आहेत. २०२२ च्या वार्षिक सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, “भांडनं मिटवायचा एकच उपाय हाय. ज्येष्ठता यादी. ज्याचं सभासदत्व जुनं, तो आधी खेळंल. ज्येष्ठतेला कोर्टबी हात लावत न्हाई.” सभेने टाळ्या वाजवल्या. एकट्या गुरुबसप्पांनी विरोध केला आणि त्याच बैठकीत सभासदत्वाचा राजीनामा लिहून दिला.

महोदय, इतिवृत्त पाहिले तर आपल्या लक्षात येईल की ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही आहे. ही गोष्ट मी लपवत नाही. दवाखान्यात माझ्या मागून आलेल्या दोघींना माझ्या आधी बढती मिळाली होती. शेवटी मला जी मिळाली ती ज्येष्ठता यादीमुळेच मिळाली. त्या सभेत बसलेले बहुतेक जण नोकरदार किंवा निवृत्त होते. आम्हा माणसांना आयुष्यात जो काही न्याय मिळाला तो यादीतूनच मिळाला, म्हणून यादी म्हणजेच न्याय असे आम्हाला वाटले. फुटबॉल ही नोकरी नाही हे त्या खोलीत गुरुबसप्पांखेरीज कोणाला सुचले नाही.

५. त्यानंतर यादी तयार झाली. अध्यक्ष श्री. किशनराव यांच्या अडत दुकानाच्या फळ्यावर ती लावण्यात आली व हरकतींसाठी सात दिवस दिले. एक गृहस्थ १९८९ ची सभासद पावती घेऊन आले आणि उजव्या बगलेवरची जागा मिळवून गेले. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे. गोलकीपर म्हणून श्री. भागवत यांची पाळी आली. वय ४८, रक्तात साखर. बदली खेळाडूही यादीतला पुढचाच, मग जागा कोणतीही असो. बाहेर येणाऱ्याने आधी रजेचा अर्ज द्यायचा. निलंग्याच्या सामन्यात एकाच्या पोटरीत गोळा आला. तो रेषेबाहेर आडवा पडून अर्ज लिहीत होता, तोवर आमचे दहाच खेळत होते, आणि त्या वेळात दोन गोल झाले. अर्ज मंजूर झाला.

प्रशिक्षक श्री. मल्लिनाथ बिडवे यांना सचिवांनी सांगितले, “सराव तुमचा, यादी आमची.” ते तीन सामने राहिले आणि गेले. जाताना माझ्यापाशी येऊन म्हणाले, “सिस्टर, मी पोरांना पळायला शिकवून राहिलो अन् हे त्यांना रांगेत उभं करून राहिले.”

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पू, रक्त, सडलेल्या जखमा हाताने साफ केल्या. मला कधी शिसारी आली नाही. निलंग्याला तो माणूस आडवा पडून कागदावर “विनंती की” असे लिहीत होता, ते पाहताना आली.

६. आता ज्याच्यासाठी हा अर्ज आहे त्याच्याबद्दल. रविकांत आनंदराज भालेराव, वय २२, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये कामाला. तो माझा नातेवाईक नाही. २०२१ च्या हंगामात, यादी येण्याच्या आधी, तो आमचा गोलकीपर होता. मी १९७२ पासूनचे सगळे गोलकीपर पाहिले, त्यात माझे यजमानही आले, आणि मी कोणाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही: याच्यासारखा झाला नाही. चेंडू सुटायच्या आधी त्याचे वजन योग्य पायावर गेलेले असते. यादीत त्याचा क्रमांक २३ आहे. सामन्याला पहिले सोळा घेतात. म्हणजे वरचे सात जण मरेपर्यंत किंवा कंटाळेपर्यंत त्याची पाळी नाही.

निलंग्याच्या त्याच सामन्यात भागवत यांना चक्कर आली आणि ते गोलमध्येच बसले. सचिव यादीत पुढचा कोण ते पाहू लागले. तेवढ्यात रविकांत आत धावला, मोजे हातात चढवले आणि उभा राहिला. चार मिनिटांत त्याने दोन गोल वाचवले. मग सचिवांनी पंचांना सांगून त्याला बाहेर काढले. आठवड्याने त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली: “विनाआदेश गोलरक्षण केल्याबाबत.” तेव्हापासून तो निलंबित आहे. सोबत प्रत जोडली आहे. आपण ती एकदा मोठ्याने वाचून पाहावी ही विनंती.

७. २०२४ च्या हंगामात डिसेंबर अखेर सहा सामने झाले होते आणि सहाही आम्ही हरलो होतो. आमच्यावर अडतीस गोल झाले. आम्ही दोन केले, त्यातला एक समोरच्यांनी चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारला होता. सातवा आणि शेवटचा सामना नांदेडच्या गोदातीर संघाशी, उदगीरला होता. मूळ तारीख रविवार, २९ डिसेंबर होती. आमच्या सचिवांनी लेखी विनंती करून ती एक दिवस पुढे ढकलून घेतली. कारण दिले: दि. ३० रोजी स्थानिक सुट्टी असल्याने कोणत्याही खेळाडूस रजा टाकावी लागणार नाही.

सुट्टी कशाची, हे त्यांनी पाहिले नाही. वेळ अमावस्येला या भागातले गावच्या गाव शेतात जेवायला जाते हे पाळण्यातल्या लेकराला ठाऊक आहे. त्या दिवशी उदगीरच्या रस्त्यावर कुत्रे आडवे पडले तरी कोणी हटकणारे नसते. साहेबरावांचा जन्म इथलाच. त्यांना येळवस, म्हणजे हीच वेळ अमावस्या, माहीत नव्हती असे नाही. पण त्यांच्या डोक्यात सुट्टी म्हणजे परिपत्रक, आणि सण म्हणजे घरातल्या माणसांनी बघायची गोष्ट.

८. त्या दिवशी दुपारी तीन वाजता मैदानावर आमचे सहा खेळाडू होते. ज्यांना शेत नाही किंवा ज्यांना कोणी बोलावले नाही असे सहा. मला शेत नाही, म्हणून मीही नेहमीप्रमाणे आले होते. गुरुबसप्पा आले होते. रविकांत दोरीच्या बाहेर उभा होता, हातात मोजे चढवून. सवय.

पंच म्हणाले, सात असल्याशिवाय सामना सुरू करता येत नाही. मी साहेबरावांना म्हटले, “रविकांत उभा आहे की. घ्या त्याला.” ते म्हणाले, “सिस्टर, निलंबन मागं घ्यायला कार्यकारिणीची बैठक लागती. आज कोरम न्हाई.” कार्यकारिणी चार किलोमीटरवर किशनरावांच्या शेतात जेवत होती. साहेबरावांनी तिथे फोन लावला. अध्यक्षांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला: “आंबिल पिऊन आडवे झाल्यात समदे. आता कोन उठंना. तुमीच बघा काय ते.”

साहेबरावांनी फाइल उघडली आणि लीगकडे पाठवलेली खेळाडूंची यादी पंचांपुढे ठेवली. क्रमांक एक: पी. एम. सोनकांबळे, वय २६.

माझ्या आधीचे सगळे सभासद वारले किंवा गुरुबसप्पांसारखे सोडून गेले असल्याने ज्येष्ठता यादीत मी पहिली आहे हे मला माहीत होते. तीच यादी, वरचे पंचवीस, खेळाडू म्हणून लीगकडे गेली हे मला त्या क्षणी कळले. आधीच्या सहा सामन्यांत माझ्या नावापुढे ‘रजेवर’ असे लिहिलेले होते. पुरावा म्हणून १९७४ चा माझा सभासद अर्ज जोडला होता, वयासकट. माझे नाव वगळायचे तर मला नोटीस द्यावी लागली असती, आणि सभासद म्हातारी बाई आहे हे कारण क्लबच्या नियमांत बसत नाही, असे सचिवांचे म्हणणे.

पंचांनी यादी पाहिली, मला पाहिले, पुन्हा यादी पाहिली. वय विचारले. मी शहात्तर सांगितले. त्यांनी नियमपुस्तिका चाळली. वयाला वरची मर्यादा नाही, आणि पुरुषच असावा असे कुठे छापलेले नाही. ते म्हणाले, “बाई, तुम्ही ठरवा.”

सामना झाला नाही तर शून्य गुण, आणि शून्य गुण म्हणजे लीगमधून नाव कमी, एवढे मला ठाऊक होते. बावन्न वर्षांचा क्लब होता. गुरुबसप्पा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “अक्का, नका उतरू. मेलेल्याला सलाईन कशाला लावता?” मी त्यांचे ऐकले नाही. बिदरच्या वेळी जे सांगायला हवे होते ते मी सांगितले नव्हते. या वेळी जे ऐकायला हवे होते ते ऐकले नाही. रविकांतने दोरीखालून वाकून येऊन आपले मोजे काढले आणि माझ्या हातांत घातले, मनगटावर पट्टी आवळून दिली. म्हणाला, “बाई, चेंडू आला तर हात चेहऱ्यासमोर धरा. बाकी काही करू नका.” गोल कोणी राखायचा याची चर्चा झाली नाही. क्रमांक एकची जर्सी गोलकीपरची असते.

९. मी पातळावरून जर्सी घालून सत्तर मिनिटे गोलमध्ये उभी राहिले. त्या सत्तर मिनिटांत चेंडू एकदाही माझ्यापर्यंत आला नाही.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला नांदेडचा कप्तान शिवांश एकटाच चेंडू घेऊन समोर आला. बावीस-तेवीसचा मुलगा. आमचे सहाही जण मागे पडले होते. त्याने चेंडू पायाखाली दाबला आणि म्हणाला, “आजी, जरा बाजूला होता का? मी हळूच टाकतो कोपऱ्यात.”

मी म्हणाले, “बाजूलाच व्हायचं होतं तर आले कशाला? मार.”

त्याने आपल्या प्रशिक्षकांकडे पाहिले. प्रशिक्षक आभाळाकडे पाहू लागले. शिवांशने पाठ फिरवली आणि चेंडू मागे देऊन टाकला. त्यानंतर अकरा तरणी मुले आपापसांत चेंडू फिरवत राहिली. आमचे सहा जण त्यांच्या मागे धावत राहिले, आणि दम लागला तसे उभे राहिले. दोरीपाशी जमलेल्या दहा-बारा लोकांतून कोणीतरी आमच्या थांबलेल्या एकाकडे बोट दाखवून ओरडले, “सिस्टर, एक इंजेक्शन टोचा त्याला, म्हंजे पळंल!” लोक हसले. पंचांनी नांदेडच्या कप्तानाला दोनदा समज दिली की खेळ करा. तो हो म्हणायचा आणि चेंडू मागे द्यायचा. मध्यंतरात त्यानेच मला पाणी आणून दिले. शेवटी शिट्टी झाल्यावर अकराही जण माझ्या पाया पडले.

निकाल शून्य-शून्य. दोन्ही संघांना एकेक गुण. या बरोबरीमुळे नांदेडचे दोन गुण गेले आणि ते लीगमध्ये पहिले येण्याऐवजी दुसरे आले. त्यांनी तक्रार केली नाही. पण त्यांनी तक्रार केली नाही म्हणून काही घडलेच नाही असे होत नाही.

मी त्यांना आशीर्वाद दिला. देताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. परक्या गावच्या पोरांनी मला मान दिला आणि माझ्या क्लबाने मला आडोशाला लावलेल्या पोत्यासारखे वापरले. यात मी स्वतः उभी राहिले, हे मी विसरत नाही.

१०. मला वाटले होते की आता तरी यांना लाज वाटेल. साहेबरावांनी मैदानावरच पेढे वाटले. “सिस्टर, तुमी क्लब वाचवला,” असे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते खोटे नव्हते. हा माणूस लबाड नाही. त्या दिवशी तोही आपल्या भावाच्या शेतात न जाता इस्त्रीचा शर्ट घालून फाइल घेऊन आला होता. त्याने कोणाचा फायदा केला नाही, कोणाला पुढे ढकलले नाही, आपल्या पुतण्यालाही क्रमांक ३१ वरच ठेवले. हीच तर अडचण आहे. लबाड माणसाला पकडता येते.

दि. ५ जानेवारी २०२५ च्या बैठकीचे ठराव सोबत जोडले आहेत. ठराव ३: पुढील हंगामासाठी सभासद क्र. १ यांची कायम गोलरक्षक म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे. ठराव ४: मागील सामन्याचा अनुभव पाहता बचावफळी मजबूत करण्याकरिता साठ वर्षांवरील महिला सभासदांची नोंदणी मोहीम राबवावी. हे मी माझ्या मनचे लिहीत नाही. छापील फॉर्म निघालेले आहेत. दोन भरून आले आहेत, त्यातल्या एका बाईंना मोतीबिंदू आहे.

मी ठराव ३ विरुद्ध तीन अर्ज दिले. उत्तर आले नाही. एकदा साहेबराव रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, “सिस्टर, ज्येष्ठानं जबाबदारी टाळली तर खालच्यांनी कोनाकडं बघायचं?”

११. मार्च महिन्यात गोदातीर संघाने रविकांतला लेखी बोलावले. त्यांना गोलकीपर हवा आहे. नांदेडला खेळला तर तेवीस वर्षांखालच्या निवड चाचणीत त्याला उतरता येते, आणि येत्या नोव्हेंबरात त्याला तेविसावे संपते. पुढच्या वर्षी ही संधी राहत नाही. लीगमध्ये खेळाडूंची नोंदणी १५ जुलैला बंद होते. त्यासाठी आमच्या क्लबचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्याने ते मागितले. त्याला मिळालेले उत्तर सोबत आहे, त्यातले एक वाक्य इथे उतरवते: “आपला ज्येष्ठता क्रमांक विचारात घेता, विद्यमान गोलरक्षक श्रीमती सोनकांबळे यांच्या पश्चात आपल्या नावाचा विचार करण्यात येईल; सबब प्रमाणपत्र देता येत नाही.”

महोदय, म्हणजे या मुलाने गोलमध्ये उभे राहण्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची आहे. आणि मला कोणताही आजार नाही.

हे उत्तर घेऊन मी गुरुबसप्पांकडे गेले. त्यांनी लीगची पुस्तिका काढून मला नियम १४ पूर्ण वाचून दाखवला. पहिला अर्धा मला माहीत होता: हंगामात एकही गुण न मिळवणाऱ्या क्लबची नोंदणी रद्द होते. दुसरा अर्धा मी कधी ऐकलाच नव्हता: अशा क्लबचे सर्व खेळाडू ना हरकत प्रमाणपत्राशिवाय मुक्त होतात.

मी तशीच गॅरेजवर गेले आणि रविकांतला विचारले, तुला हा नियम माहीत होता का. तो जॅकखाली होता. म्हणाला, “हाव.” मी विचारले, कधीपासून. म्हणाला, “निलंबन झालं तवापासून.” म्हणजे तीस डिसेंबरला, मी उतरले नसते तर संध्याकाळपर्यंत तो सुटला असता, हे तिथे दोरीपाशी उभे राहून त्याला ठाऊक होते. मी म्हणाले, मग बोलला का नाहीस रे, मोजे कशाला दिलेस? तो बाहेर आला नाही. खालूनच म्हणाला, “तुमचं ठरलं होतं बाई. मग हात तरी फुटू नयेत म्हटलं.”

१२. म्हणून मी पुढीलप्रमाणे विनंती करते.

(क) दि. ३० डिसेंबरच्या सामन्यात मी खेळाडू म्हणून अपात्र होते. मी खेळाडूचा फॉर्म भरलेला नाही. लीगकडे असलेले माझे वय पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. वैद्यकीय तपासणीचा दाखला जोडलेला नाही, आणि असा दाखला कोण देईल हे मी परिचारिका म्हणून सांगू शकते. म्हणून त्या सामन्यात क्लबला मिळालेला एक गुण काढून घ्यावा, व नांदेड संघाला विजयी ठरवावे.

(ख) त्यामुळे क्लबचे गुण शून्य होतील. नियम १४ प्रमाणे सितारा फुटबॉल क्लबची नोंदणी रद्द करावी.

(ग) हे १५ जुलैपूर्वी करावे. १६ जुलैला केले तर त्याचा कोणालाही उपयोग नाही.

आपण विचाराल की केवळ एका खेळाडूचे प्रमाणपत्र हवे असेल तर तेवढेच मागा, क्लब बुडवायला का निघालात. मी ते मागून पाहिले. त्यासाठी कार्यकारिणीची बैठक लागते, बैठकीत विषय घेण्यासाठी रविकांतचे निलंबन आधी उठावे लागते, आणि निलंबनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीत ज्येष्ठ सभासद म्हणून मी एकटीच आहे. माझा अहवाल मी एप्रिलमध्ये दिला. तो पुढच्या वार्षिक सभेत, सप्टेंबरात वाचला जाईल.

आपण असेही म्हणाल की क्लबच्या बाकीच्यांना विचारा. विचारले. त्यांना क्लब हवा आहे, कारण यादीत त्यांची पाळी यायची आहे.

१३. चौकशी लागल्यास कोण कुठे सापडेल हे माहितीसाठी लिहिते.

प्रशिक्षक मल्लिनाथ बिडवे औशाला एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवतात. सकाळी साडेसहाला मैदानावर भेटतात, फोन उचलत नाहीत.

गुरुबसप्पा हुडगे मे महिन्यात बिदरला मुलीकडे राहायला गेले. दोन्ही गुडघे गेले आहेत, पण आठवण शाबूत आहे. जबाब देतो म्हणाले आहेत. आपण तिकडे कोणाला पाठवू शकलात तर पाठवावे, त्यांना प्रवास झेपणार नाही.

त्या दिवशीच्या पंचांनी लीगचे काम सोडले आहे. मला त्यांचे पत्र आले होते. त्यात फक्त माफी होती.

भागवत यांच्या पायाची दोन बोटे साखरेमुळे काढावी लागली. पट्टी बदलायला मी जाते. पुढच्या हंगामाच्या यादीत त्यांचे नाव आहे, क्रमांक नऊ.

अध्यक्ष किशनराव यांनी आपण क्लबचे फक्त नावाचे अध्यक्ष होतो असे सगळ्यांना सांगायला सुरुवात केली आहे. दुकानाच्या फळ्यावर यादी अजून आहे.

साहेबराव मुळे सचिव आहेत. रोज संध्याकाळी पाच ते सात क्लबच्या खोलीत बसतात. कोणी येत नाही. त्यांना माझा हा अर्ज मीच नेऊन वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, दोन ठिकाणी तारखा तपासल्या, आणि प्रत मागितली.

नांदेडच्या शिवांशला रेल्वेत नोकरी लागली. त्याच्या जागी नवा कप्तान आहे. गोलमध्ये अजून कोणी नाही, जागा रिकामी ठेवली आहे असे त्यांनी कळवले आहे.

रविकांत गॅरेजमध्येच आहे. मी त्याला या अर्जावर सही मागितली. त्याने केली नाही. क्लबाविरुद्ध लिहून देणार नाही म्हणाला. म्हणून ही विनंती माझ्या एकटीच्या सहीने आहे.

आणि मी. मी सामने पाहायला जात नाही. आपला निर्णय झाल्यावर क्लबची नोंदणी रद्द झाल्याचे पत्र कोणाच्या नावे काढावे असा प्रश्न आपल्या कार्यालयात निघेल, कारण रद्द झालेल्या क्लबला सचिव नसतो आणि अध्यक्षही नसतो. ते माझ्या नावाने, माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवावे. मी घरी असते. सही करून घेईन.

वाचून कळावे, आणि कळले तर पंधरा तारखेच्या आत करावे,

आपली नम्र,

(सही)
पार्वतीबाई मारोती सोनकांबळे
उदगीर, दि. २० जून २०२५

सोबत :
१) माझा सभासद अर्ज, जून १९७४, व सध्याचे आधार कार्ड.
२) रविकांत भालेराव यांना दिलेली नोटीस.
३) दि. ५ जानेवारी २०२५ च्या बैठकीचे ठराव ३ व ४.
४) ना हरकत प्रमाणपत्र नाकारल्याचे पत्र.